शिक्षणाचीं रूपकें आणि राजकारणी पुरुष

शाळेच्या नव्या इमारतीची कोनशिला असो, पारितोषिक-समारंभ असो, कीं अंदाजपत्रकावरील भाषण असो, राजकारणी पुरुष शिक्षणाविषयीं बोलूं लागला म्हणजे त्याच्या वाणीला अलंकारांचा बहर येतो. रस्ता, धरण, जकात किंवा ऊंस या विषयांवर बोलतांना जो गृहस्थ आंकडे सांगतो, तोच शिक्षणाचा विषय निघतांच दिवे लावतो, रोपें लावतो, मंदिरें उभारतो, पाया घालतो, आणि शेवटीं मोहिमेवरही निघतो. श्रोते टाळ्या वाजवितात. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत तेंच वाक्य ठळक टाइपांत छापून येतें. आणि शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न जेथल्या तेथेंच राहतो.

या प्रकाराकडे केवळ भाषणाची शोभा म्हणून पाहणें बरोबर नाहीं, असें आमचें नम्र मत आहे. कवीनें मुखाला चंद्र म्हटल्यानें कोणाच्या मुखाला डाग पडत नाहीं. परंतु राज्यकर्त्यानें शिक्षणाला गाळणी म्हटलें, तर पैसा कोणत्या शाळेस मिळावयाचा आणि कोणत्या शाळेस नाहीं, हें त्या एका शब्दानें ठरून जातें. म्हणून ज्या घरांतून मुलें शाळेंत जातात, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं हीं रूपकें पारखून घेण्याची संवय लावून घ्यावी. त्यासाठीं लागणारी कसोटी आपल्या अलंकारशास्त्रानें शेंकडों वर्षांपूर्वींच तयार करून ठेविली आहे.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस ती ठाऊकच आहे. घरांतील इतर मंडळींसाठीं थोडक्यांत सांगतों. जिचें वर्णन करावयाचें ती वस्तु उपमेय. जिच्याशीं तुलना करावयाची ती उपमान. आणि दोहोंत समान असलेला गुण तो साधारण धर्म. ‘विद्या दिव्यासारखी आहे’ असें म्हटलें म्हणजे उपमा झाली. येथें विद्या आणि दिवा दोन्ही वेगवेगळीं दिसतात. ‘विद्या हाच दिवा’ असें म्हटलें म्हणजे रूपक झालें. दोहोंचा अभेद मानला, तरी दोन्ही शब्द अजून वाक्यांत उभे आहेत. याच्याही पुढची पायरी म्हणजे उपमेयाचा उच्चारच न करतां नुसतें उपमान बोलणें. मम्मटानें हा अतिशयोक्तीचा एक प्रकार मानिला आहे, आणि पुढील आलंकारिक त्यास रूपकातिशयोक्ति म्हणतात. या ठिकाणीं उपमानानें उपमेय गिळून टाकिलेलें असतें. शास्त्रकारांनीं वापरलेला ‘निगरण’ हा शब्द गिळण्याचाच वाचक आहे.

दुसरी गोष्ट लक्षणेची. गंगेवर गवळवाडा आहे, हें तिचें प्रसिद्ध उदाहरण. प्रवाहावर घरें उभीं राहत नाहींत. म्हणून ऐकणारा क्षणभर अडखळतो आणि ‘गंगेच्या तीरावर’ असा अर्थ घेतो. पण ‘कुशल’ हा शब्द ऐकून कोणी अडखळत नाहीं. कुश नांवाचें गवत हात न कापतां तोडून आणणारा, असा त्याचा मूळ अर्थ शास्त्रकार सांगतात. तो आज कोणाच्या ध्यानींमनींही नसतो. ही रूढ लक्षणा होय. जेथें अडखळणें संपलें तेथें विचारही संपला. राजकारणांतील रूपकाचा प्रवास असाच घडतो. पहिल्या दिवशीं तें सभेंत चमकतें, कांहीं वर्षांनीं सरकारी ठरावांत जाऊन बसतें, आणि एका पिढीनंतर तें रूपक होतें याचीही कोणास आठवण राहत नाहीं.

आतां उदाहरणें घेऊं. आपल्या देशांत ज्या रूपकानें सर्वांत अधिक काळ राज्य केलें, तें झिरपण्याचें. १८३५ सालच्या फेब्रुवारींत मेकॉलेसाहेबांनीं आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें. सर्व प्रजेला शिकविण्याइतकीं साधनें सरकारजवळ नाहींत; तेव्हां प्रथम एक लहानसा वर्ग तयार करावा, आणि त्यानें देशी भाषांना समृद्ध करून ज्ञान बहुजनसमाजापर्यंत पोंचवावें, असा त्याचा आशय होता. यालाच पुढें वरून खालीं झिरपण्याचा सिद्धान्त म्हणूं लागले. मुंबईस १८४० सालीं स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष असतांना त्यांचा कल याच बाजूस होता. जगन्नाथ शंकरशेट यांनीं देशी भाषांतून शिक्षण द्यावें असा आग्रह धरिला, तो या मताच्या विरुद्ध होता.

या रूपकाचा साधारण धर्म तपासून पाहा. पाणी आपल्याच भारानें खालीं येतें. त्याला कोणी पाठवावें लागत नाहीं. विद्येला असा भार नाहीं. ती शिकविणाऱ्यानें शिकविली तरच जाते, आणि न शिकविली तर शिकलेल्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या सुखानें राहते. पाण्याचें रूपक योजिल्याबरोबर ‘देणारा’ वाक्यांतून नाहींसा झाला. आणि देणाराच नाहींसा झाल्यावर न दिल्याचा जाब कोणास विचारावयाचा? १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें बहुजनांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारवर असल्याचें मान्य केलें. पण रूढ झालेली कल्पना एका खलित्यानें जात नसते. १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें ठेविलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं तिच्या वर्मावर बोट ठेविलें. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या श्रमांतून निघतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांसाठीं होतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. आणि निदान बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. पाणी खालीं झिरपत नव्हतें. पैसा मात्र खालून वर चढत होता. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे पूर्वज त्या वरच्या भांड्यांतले होते, हें विसरून हा इतिहास वाचतां येणार नाहीं. ज्याच्या भांड्यांत पाणी आहे, त्याला गाळणीचें रूपक नेहमींच पटतें.

या कल्पनेला साध्या गद्यांत उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं केला. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. ६ ते १० वर्षें वयाच्या मुलग्यांना शाळेंत पाठविणें सक्तीचें करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना असावा. तोही जेथें ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील तेथेंच वापरावा. आणि खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेनें व दोन हिस्से सरकारनें सोसावेत, अशी त्यांची योजना होती. बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ सालीं तो साऱ्या संस्थानास लागू केला होता. तें उदाहरण डोळ्यांपुढें होतें.

या योजनेंत वृक्ष नाहीं, दीप नाहीं, गाळणी नाहीं. वय, प्रमाण आणि खर्चाचा वांटा एवढेंच आहे. अशा भाषेला टाळ्या पडत नाहींत. १९ मार्च १९१२ रोजीं तें बिल ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. परंतु नाकारणाऱ्यांस आपण काय नाकारीत आहों हें स्वच्छ दिसत होतें, आणि म्हणूनच तो प्रश्न मेला नाहीं. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत मोफत व सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. स्पष्ट शब्दांत केलेली मागणी हरली, तरी तिचा हिशेब शिल्लक राहतो.

याचा अर्थ राजकारणी पुरुषानें रूपक कधीं वापरूंच नये, असा नाहीं. २० ऑक्टोबर १९३१ रोजीं लंडन येथें चॅथम हाऊसमध्यें बोलतांना महात्मा गांधींनीं वृक्षाचें रूपक योजिलें. येथील शिक्षणाचें झाड होतें तसें सांभाळण्याऐवजीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं माती उकरून त्याचीं मुळें पाहिलीं, तीं तशींच उघडीं टाकिलीं, आणि तो सुंदर वृक्ष मरून गेला, असा त्या बोलण्याचा भावार्थ. पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वींपेक्षां हिंदुस्थान आज अधिक निरक्षर आहे, असेंही त्यांनीं सांगितलें. डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरु सर फिलिप हार्टॉग यांनीं लागलीच पुरावा मागितला. दोघांचा पत्रव्यवहार झाला. हार्टॉग यांनीं पुढें लंडन विद्यापीठांत याच विषयावर व्याख्यानें देऊन १९३९ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. पुष्कळ वर्षांनीं, १९८३ सालीं, धर्मपाल यांनीं मद्रास इलाख्यांत मन्‍रोसाहेबांनीं १८२२ पासून करविलेल्या पाहणीचे कागद छापून गांधींच्या बाजूचा पुरावा पुढें ठेविला, आणि ग्रंथाला त्या रूपकावरूनच ‘द ब्यूटिफुल ट्री’ असें नांव दिलें.

दोन्ही पक्षांत खरें किती, हा निराळा विषय आहे. त्या पाहणींतून अनेक जातींचीं मुलें शाळेंत बसलेलीं दिसतात, तशाच मुली अगदीं थोड्या दिसतात, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. आमचा मुद्दा एवढाच कीं, या रूपकांत उपमेय गिळलें गेलें नव्हतें. झाड म्हणजे गांवोगांवच्या शाळा, हें स्पष्ट होतें; शाळा मोजतां येतात, मुलें मोजतां येतात; म्हणून विरोधकाला पुरावा मागतां आला आणि बोलणाऱ्याला उत्तर देणें भाग पडलें. ज्या रूपकांतून अशी चौकशी उत्पन्न होते, तें रूपक सभ्य म्हणावें.

आतां निगरणाचें उदाहरण पाहूं. १९८५ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचें नांव बदलून ‘मानव संसाधन विकास मंत्रालय’ असें ठेवण्यांत आलें. मराठींत त्यास ‘मनुष्यबळ विकास’ म्हणूं लागले. मनुष्य ही राष्ट्राची साधनसंपत्ति आहे, हें मुळांत एक रूपक. कोळसा, लोखंड, जंगल यांप्रमाणें माणूसही उपयोगांत आणावयाचा. पण मंत्रालयाच्या फलकावर तें चढलें तेव्हां ‘शिक्षण’ हा शब्दच तेथून नाहींसा झाला. उरलें तें नुसतें उपमान. मम्मटाला यापेक्षां स्वच्छ उदाहरण मिळालें नसतें. साधन म्हटलें कीं साध्य कांहीं तरी निराळें असलें पाहिजे. मग मूल कोणाच्या साध्यासाठीं साधन झालें? ज्या मुलाची बुद्धि मंद आहे, ज्याचे डोळे किंवा पाय अधू आहेत, ज्याच्यापासून राष्ट्राला उत्पन्नाची आशा नाहीं, त्या मुलाचा या शब्दांत समावेश कसा करावयाचा? ‘शिक्षण’ या शब्दांत तें मूल सहज बसत होतें. पुढें २०२० च्या जुलैंत नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणाबरोबर मंत्रालयाचें जुनें नांव परत आणण्याचें ठरलें, आणि पस्तीस वर्षांनीं उपमेय आपल्या जागीं आलें.

फलक बदलला, तरी जिभेची संवय राहिली आहे. गुंतवणूक, परतावा, उत्पादकता हे शब्द शिक्षणाच्या चर्चेंत आतां अडखळल्याशिवाय ऐकूं येतात, आणि ते सभागृहांतच राहत नाहींत, आपल्या माजघरांतही येतात. एकत्र कुटुंबांत चार मुलें वाढत असतात. एकाच्या शिक्षणावर घातलेला पैसा ‘वसूल’ झाला, दुसऱ्याचा ‘बुडाला’, असें जेवतांना सहज बोललें जातें. आणि ज्याचा बुडाला तो मुलगा मान खालीं घालून समोरच जेवत असतो. हा शब्द त्या घरानें शोधून काढिलेला नसतो. वरून खालीं जर कांहीं खरोखर झिरपत असेल, तर तीं असलीं रूपकें.

लष्करी रूपकांचीही तऱ्हा पाहण्यासारखी आहे. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत प्रौढांच्या साक्षरतेसाठीं ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली; १९८७ सालीं केंद्र सरकारनें ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ काढलें, आपल्याकडे त्यास खडू-फळा म्हणत; २००१ सालीं ‘सर्व शिक्षा अभियान’ आलें. अभियान म्हणजे शत्रूवर चालून जाणें. आणि शिक्षा या शब्दाचा हिंदी अर्थ कांहींही असला, तरी मराठी विद्यार्थ्याला तो वेगळ्याच अनुभवाची आठवण देतो. मोहिमेंत एक गुण असा कीं, तिच्यानें निद्रिस्त खात्याला हालचाल करावी लागते. दोष असा कीं, मोहीम संपते, विजयाची दवंडी पिटली जाते, आणि सैन्य माघारीं जातें. शाळा तर दर सोमवारीं पुन्हां भरावयाची असते. खडू-फळ्याच्या योजनेबद्दल एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. तिच्या लष्करी नांवाखालीं मोजतां येण्याजोग्या वस्तु लिहिलेल्या होत्या: प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन मोठ्या खोल्या, निदान दोन शिक्षक व त्यांत शक्यतों एक स्त्री, फळे, नकाशे आणि इतर साहित्य. अशा योजनेला गांवकरी विचारूं शकतो कीं, दुसरी खोली कोठें आहे?

शिक्षकासाठीं जीं रूपकें योजितात, तीं सर्वांत गोड. तो राष्ट्राचा शिल्पकार, भावी पिढीचा कुंभार, ज्ञानमंदिरांतील पुजारी. या पुजाऱ्याची पुढची हकीकत महाराष्ट्राच्या एका योजनेंत वाचावयास मिळते. २००० सालीं राज्य सरकारनें शिक्षकांच्या नेमणुकीसाठीं ‘शिक्षण सेवक’ योजना आणिली. नव्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें सेवक म्हणून काम करावें, आणि त्यास वेतनाऐवजीं मानधन मिळावें, अशी ती व्यवस्था. वर्ग तोच, मुलें तींच, काम तेंच. शब्द बदलला आणि शब्दाबरोबर रक्कम बदलली. सेवा म्हटली कीं मोबदल्याची भाषा अशिष्ट ठरते. ‘मानधन’ हा संस्कृतांत बहुव्रीहि समास आहे. मान हेंच ज्याचें धन, असा मानी पुरुष हा त्याचा अर्थ. आपल्या सरकारी मराठींत मान पुढें राहिला आणि धन आंखडलें. सरकारची आर्थिक अडचण खरी असेलही. ती ‘अडचण’ या शब्दानें सांगितली असती, तर तिच्यावर वादविवाद करतां आला असता.

हा रोग आपल्याच देशाला जडला आहे असें नाहीं. अमेरिकेंत २००२ सालीं अध्यक्ष बुश यांनीं ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’, म्हणजे एकही मूल मागें राहूं नये, या नांवाच्या कायद्यावर सही केली. २००९ सालीं अध्यक्ष ओबामा यांच्या सरकारनें ‘रेस टु द टॉप’, म्हणजे शिखराकडे शर्यत, अशी योजना काढून राज्यांना पैशासाठीं चढाओढ करावयास लाविलें. दोन्ही रूपकें वाटचालीचींच. परंतु पहिल्यांत सर्वांनीं बरोबर जावयाचें आहे आणि दुसऱ्यांत कोणी तरी मागें राहिल्याशिवाय खेळच होत नाहीं. सात वर्षांच्या अंतरानें एकाच राष्ट्रानें हीं दोन्ही नांवें आनंदानें स्वीकारलीं. आपल्याकडे इंग्रजी विद्येला वाघिणीचें दूध म्हणण्याचा प्रघात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नांवानें सांगतात. हल्लीं सभांतून तें रूपक सरसकट सर्व शिक्षणाला लावितात. त्यांत पराक्रमाची ऊब आहे हें खरें. पण दूध पचलें नाहीं तर दोष पिणाऱ्याच्या पोटाचा. पाजणाऱ्याला कोणी विचारीत नाहीं. शर्यतींत मागें पडणारा मुलगा आणि दूध न पचविणारा मुलगा, दोघांनाही त्या एका शब्दानेंच दोषी ठरविलेलें असतें.

मग वाचकांनीं काय करावें? भाषणांतील अलंकार ऐकून तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या रूपकांत उपमेय कोठें आहे. प्रत्यक्ष मूल, प्रत्यक्ष शिक्षक, प्रत्यक्ष शाळा दिसते कीं नाहीं? दुसरा, साधारण धर्म कोठपर्यंत खरा आहे आणि कोठें तुटतो? तिसरा, या वाक्यांत देणारा कोण, किती देणार, आणि न दिल्यास उत्तर कोणी द्यावयाचें? ज्ञानमंदिराचें उदाहरण घ्या. कोठारी आयोगानें १९६६ सालीं शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा अशी शिफारस केली, आणि त्यासाठीं वीस वर्षांची मुदत धरली. २०२० च्या धोरणांतही तोच ६ टक्क्यांचा संकल्प पुन्हां लिहावा लागला. मंदिराचा घोष या सबंध काळांत एक दिवसही थांबला नाहीं. दक्षिणेची रक्कम मात्र संकल्पांतच राहिली.

रूपकावांचून बोललेला एक शब्द या क्षेत्रांत आहे, तो ‘हक्क’. १९५० च्या संविधानानें चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न राज्यानें करावा असें सांगितलें. तें साधलें नाहीं. २००२ सालच्या घटनादुरुस्तीनें शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. गोखल्यांचें बिल फेटाळल्यास तोंवर अठ्ठ्याण्णव वर्षें झालीं होतीं. दीप मालवला तर वारा दोषी, रोप सुकलें तर पाऊस दोषी. हक्क मिळाला नाहीं तर तो न देणारा दोषी. म्हणूनच हा शब्द व्यासपीठावर कमी ऐकूं येतो.

मुलांना अलंकार शिकवितांना आपण नेहमीं चंद्राचें आणि कमळाचें उदाहरण देतों. यापुढें घरांत वर्तमानपत्र आलें म्हणजे त्यांतील एखाद्या मंत्र्याचें शिक्षणावरील भाषण मुलांपुढें ठेवावें, आणि संध्याकाळीं परवचा झाल्यावर त्यांना त्यांतील उपमेय शोधून दाखविण्यास सांगावें. सांपडलें तर मुलांचें अलंकारशास्त्र पक्कें होईल. न सांपडलें तर तें कोणी गिळलें, हा प्रश्न मुलेंच वडिलांना विचारतील; आणि त्याचें उत्तर वडील मंडळींनीं मतदानाच्या दिवसापर्यंत शोधून ठेवावें.